नवी त्रेत्याकोव्ह गॅलरी, मॉस्को: आधुनिक रशियन कला पाहायला जाणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विसाव्या शतकातील रशियन कला पाहण्यासाठी मॉस्कोला जाऊ इच्छिणाऱ्या, किंवा मॉस्कोत असताना एक दिवस या कलेसाठी राखून ठेवू पाहणाऱ्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. तिकिटांचे दर, वेळा आणि व्हिसाचे नियम बदलत राहतात. ते निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा पाहून घ्यावेत. चित्रांविषयीचा मजकूर मात्र सवडीने वाचावा, कारण या संग्रहालयातील बहुतेक चित्रांना एक हकिगत आहे आणि ती ठाऊक नसेल तर अर्धे चित्र पाहायचे राहून जाते.

त्रेत्याकोव्ह गॅलरी एक आहे की दोन? आम्ही नेमके कोठे जायचे?

संस्था एक आहे, तिच्या मुख्य इमारती दोन आहेत आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. पावेल त्रेत्याकोव्ह या मॉस्कोच्या व्यापाऱ्याने १८५६ पासून रशियन चित्रे जमवायला सुरुवात केली आणि १८९२ मध्ये आपला संग्रह मॉस्को शहराला देऊन टाकला. तो संग्रह लाव्रुशिन्स्की गल्लीतील जुन्या इमारतीत आहे. तेथे मध्ययुगीन आयकॉन चित्रांपासून, म्हणजे ख्रिस्ती देवा-संतांच्या पूजेतील चित्रांपासून, रेपिन, सुरिकोव्ह आणि व्रूबेल यांच्यापर्यंतची कला पाहायला मिळते. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ‘त्रेत्याकोव्ह गॅलरी’ असे लिहिलेले असते तेव्हा बहुधा हीच इमारत अभिप्रेत असते.

विसाव्या शतकातील कला मात्र क्रिम्स्की वाल या रस्त्यावर, दहा क्रमांकाच्या लांबलचक, पांढरट, सोव्हिएत घडणीच्या इमारतीत आहे. तिलाच नवी त्रेत्याकोव्ह म्हणतात. सोव्हिएत संघाच्या चित्रसंग्रहासाठी बांधलेली ही इमारत १९८० च्या दशकात त्रेत्याकोव्हच्या ताब्यात आली. मालेविच, कांदिन्स्की आणि शगाल पाहायचे असतील तर येथेच यावे लागते. लाव्रुशिन्स्कीच्या दारात उभे राहून मालेविचचे ‘काळा चौकोन’ हे चित्र कोठे आहे असे विचारणारे पर्यटक रोज भेटतात, असे तेथील मार्गदर्शक सांगतात. दोन्ही इमारतींमधले अंतर चालत सुमारे अर्ध्या तासाचे आहे, त्यामुळे चूक झालीच तर दिवस वाया जात नाही. पण दोन्ही इमारती एकाच दिवशी उरकण्याचा बेत करू नये.

तेथे कसे पोहोचायचे?

मेट्रोच्या वर्तुळाकार मार्गिकेवरील ‘ऑक्त्याब्र्स्काया’ स्थानकावर उतरून दहा-बारा मिनिटे चालावे. ‘पार्क कुल्तुरी’ स्थानकावरून क्रिम्स्की पूल ओलांडूनही येता येते आणि हवा चांगली असेल तर नदीवरून येणारा हा रस्ता अधिक सुंदर आहे. समोरच गोर्की पार्कचे भव्य प्रवेशद्वार दिसते, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही.

पाहायला किती वेळ लागतो?

किमान चार तास राखून ठेवावेत. तासाभरात ‘महत्त्वाची’ चित्रे पाहून बाहेर पडता येते, परंतु तसे केल्यास ती चित्रे सुटी सुटी राहतात. या संग्रहाचे खरे वैशिष्ट्य असे, की राज्यसत्तेने जी कला स्वतः सांगून करवून घेतली आणि जी कला कोठारात कोंडून ठेवली, ती दोन्ही एकाच छपराखाली, एकामागून एक दालनांत टांगलेली आहे. हा क्रम पायी चालत अनुभवण्यासारखा आहे आणि त्यासाठी वेळ लागतो.

‘काळा चौकोन’ इतका प्रसिद्ध का आहे? असे तर कोणीही काढू शकेल, नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि तो विचारण्यात कमीपणा काहीच नाही. १९१५ सालीही तो विचारला गेला होता.

काझिमिर मालेविच याने हे चित्र १९१५ मध्ये रंगवले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पेत्रोग्राद (आजचे सेंट पीटर्सबर्ग) येथे ‘०.१०’ नावाच्या प्रदर्शनात मांडले. ते त्याने कोठे टांगले, हे लक्षात घेतले पाहिजे. रशियन घरात देवाच्या आयकॉन चित्रासाठी खोलीचा एक वरचा कोपरा राखून ठेवलेला असतो. मालेविचने आपला चौकोन नेमका त्याच कोपऱ्यात, छताला लागून, दोन भिंतींच्या सांध्यावर लावला. आपल्याकडे एखाद्या चित्रकाराने प्रदर्शनात देव्हारा मांडून त्यात मूर्तीच्या जागी काळा पाट ठेवला असता तर पाहणाऱ्यांना जे वाटले असते, तेच तेव्हाच्या प्रेक्षकांना वाटले. चित्रात माणूस, झाड, घर, फळ यांपैकी काहीतरी असलेच पाहिजे, ही शेकडो वर्षांची अट त्याने एका झटक्यात मोडली आणि आपण हे कशाच्या जागी ठेवत आहोत हेही लपवले नाही.

आता प्रत्यक्ष चित्राविषयी. ते लहान आहे. प्रत्येक बाजू ७९.५ सेंटीमीटर. जवळ जाऊन पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात येतात. एक म्हणजे हा चौकोन काटेकोर नाही, त्याच्या बाजू एकमेकींना पुरत्या समांतर नाहीत, कडा हाताने ओढलेल्या आहेत आणि भोवतीच्या पांढऱ्यात ब्रशचे फटकारे दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे काळ्या रंगाला उन्हाने तडकलेल्या तळ्याच्या गाळासारख्या भेगा पडल्या आहेत आणि त्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. खालचा थर पुरता वाळण्याआधीच मालेविचने वर काळा रंग चढवला, म्हणून असे झाले. त्रेत्याकोव्हच्या संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेली तपासणी २०१५ मध्ये जाहीर झाली, तेव्हा या काळ्याखाली एक नव्हे तर दोन रंगीत रचना असल्याचे स्पष्ट झाले. छापील प्रतिमेत यातले काहीच दिसत नाही, तेथे फक्त काळा ठोकळा दिसतो. ‘कोणीही काढू शकेल’ हे मत बहुधा छापील प्रतिमा पाहून झालेले असते, म्हणून मूळ चित्रासमोर किमान पाच मिनिटे उभे राहून मग मत बनवावे, एवढीच विनंती आहे. मत तेच राहिले तरी हरकत नाही.

मालेविचने पुढे हाच विषय पुन्हा रंगवला आणि त्या आवृत्त्या सेंट पीटर्सबर्गच्या रशियन म्युझियममध्ये आणि हर्मिटाजमध्येही आहेत, परंतु १९१५ चे पहिले चित्र येथे आहे.

मालेविचखेरीज कोणती चित्रे चुकवू नयेत?

वासिली कांदिन्स्कीची ‘सातवी रचना’ हे १९१३ चे चित्र सर्वांत आधी. दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद. त्याने तीसहून अधिक आराखडे केले आणि मग प्रत्यक्ष मोठे चित्र म्युनिकमध्ये नोव्हेंबर १९१३ च्या अखेरीस अवघ्या चार दिवसांत पूर्ण केले. त्याची सहचारिणी, चित्रकार गाब्रिएले म्युंटर हिने चित्र घडत असताना त्याची छायाचित्रे घेतली, त्यामुळे ते कोठून सुरू झाले हेही आज माहीत आहे. वासुदेव गायतोंडे यांची चित्रे ज्यांनी निवांतपणे पाहिली आहेत, त्यांना येथे एक मोठा फरक जाणवेल: गायतोंडे यांच्याकडे सारे काही स्थिर होत जाते आणि कांदिन्स्कीच्या या चित्रात एकही रंग जागेवर थांबत नाही. दूर उभे राहून एकदा आणि अगदी जवळ जाऊन एकदा, असे दोनदा पाहावे.

कुझ्मा पेत्रोव-वोद्किनचे ‘लाल घोड्याची अंघोळ’ (१९१२) हे अनेकांना अनपेक्षितपणे आवडते. त्या काळात जुन्या आयकॉन चित्रांवर साचलेली काजळी आणि जुने रोगण काढून ती स्वच्छ करण्याचे काम जोरात सुरू होते आणि खालचे झगझगीत लाल, निळे, पिवळे रंग पाहून चित्रकार चकित झाले होते. या घोड्याचा लाल रंग तेथून आला आहे. लाव्रुशिन्स्कीतील आयकॉनची दालने आदल्या दिवशी पाहिली असतील तर हे नाते तत्काळ ओळखू येते. हे चित्र १९१४ मध्ये प्रदर्शनासाठी स्वीडनला गेले, मग महायुद्ध आणि क्रांती यांमुळे तेथेच अडकून पडले आणि मायदेशी परतायला त्याला १९५० साल उजाडले.

मार्क शगालचे ‘शहरावरून’ हे चित्र लहान मुलांनाही दाखवावे. शगाल आणि त्याची पत्नी बेला व्हितेब्स्क गावाच्या कुंपणांवरून उडत चालले आहेत. डावीकडे खाली बारकाईने पाहिले तर कुंपणापाशी परसाकडे बसलेला एक इवलासा माणूस दिसतो. प्रेमाचा असा सोहळा रंगवताना शगालला गावातला हा माणूसही वगळावासा वाटला नाही, हे मला फार आवडते.

नतालिया गोंचारोवा, मिखाईल लारिओनोव्ह, ल्युबोव पोपोवा, अरिस्तार्ख लेंतुलोव्ह यांची दालनेही घाई न करता पाहावीत. स्त्री चित्रकारांची संख्या आणि त्यांच्या कामाचा दर्जा या दोन्ही बाबतींत त्या काळातील रशियन कला युरोपातील इतर कोणत्याही देशाच्या पुढे होती असे माझे मत आहे, आणि ते येथे आपल्या डोळ्यांनी पडताळून पाहता येते. अलेक्सांद्र रोदचेन्को आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२१ च्या प्रदर्शनात मांडलेल्या, हवेत टांगलेल्या रचना मूळ स्वरूपात फारशा टिकल्या नाहीत. जुन्या छायाचित्रांवरून त्यांची पुनर्रचना करण्यात आली आहे.

एक सूचना. प्रसिद्ध चित्रे अधूनमधून इतर शहरांत प्रदर्शनासाठी जातात आणि काही दालने मांडणी बदलण्यासाठी बंद असतात. एखाद्या विशिष्ट चित्रासाठीच जाणार असाल तर ते जागेवर आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

स्टालिनच्या काळातील प्रचारकी चित्रांची दालने वगळली तर चालेल का?

वगळू नयेत. कंटाळा येईल या भीतीने बरेच लोक येथून भरभर चालत पुढे जातात आणि माझ्या मते ही या भेटीतील सर्वांत मोठी चूक असते.

एप्रिल १९३२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने एक ठराव करून सर्व स्वतंत्र कलावंत संघटना बरखास्त केल्या. दोन वर्षांत समाजवादी वास्तववाद हे अधिकृत धोरण ठरले. चित्र कष्टकऱ्याला समजेल असे असावे, आशादायी असावे आणि आज जे आहे त्यापेक्षा उद्या जे होणार आहे ते त्यात दिसावे, अशी अपेक्षा होती. काही पावलांपूर्वी आपण जी चित्रे पाहिली, ती तेव्हा भिंतींवरून उतरवून कोठारात गेली. स्वतः मालेविचला १९३० मध्ये अटक झाली होती आणि १९३५ मध्ये तो लेनिनग्राद (पूर्वीचे पेत्रोग्राद) येथे कर्करोगाने वारला.

आता या दालनांतील चित्रे पाहा. अलेक्सांद्र गेरासिमोव्हने १९३८ मध्ये रंगवलेल्या भव्य चित्रात स्टालिन आणि त्याचा संरक्षणमंत्री व्होरोशिलोव्ह क्रेमलिनच्या गच्चीवर पावसानंतरच्या ओल्या फरशीवरून चालत आहेत. ओल्या फरशीवरचे प्रतिबिंब, ढग, दूरवरचे मॉस्को हे सारे उत्तम रंगवले आहे. चित्रकार कसलेला आहे, यात शंका नाही. हे चित्र ज्या काळात रंगवले गेले, त्याच काळात हजारो माणसे रातोरात घरांतून उचलली जात होती. युरी पिमेनोव्हचे ‘नवे मॉस्को’ हे १९३७ चे चित्र तर खरोखर मोहक आहे: उघड्या मोटारीत पाठमोरी बसलेली, गाडी चालवणारी एक तरुणी आणि समोर धुक्यासारखे झळाळणारे नवे शहर. १९३७ हे दडपशाहीचे सर्वांत भीषण वर्ष होते. चित्र खोटे आहे म्हणून ते वाईट रंगवलेले असेल, अशी आपली समजूत असेल तर ती या दालनात टिकत नाही. आणि ही अस्वस्थता घेऊनच पुढच्या दालनात जायला हवे.

अलेक्सांद्र देयनेका याची चित्रेही याच टप्प्यावर भेटतात. आडवा झेपावलेला गोलरक्षक (१९३४) आणि समुद्रकिनारी बसून विमान पाहणारी तीन मुले (१९३८) ही त्याची चित्रे येथे आहेत. सरकारी अपेक्षांच्या चौकटीत राहूनही ज्याची नजर स्वतःची राहिली, असा तो चित्रकार होता.

मग बंदी असलेली चित्रे टिकली कशी?

काही संग्रहालयांच्या कोठारांत टिकली, कारण तेथील कर्मचाऱ्यांनी ती नष्ट होऊ दिली नाहीत. बाकीची टिकली ती बऱ्याच अंशी एका माणसामुळे. गिओर्गी कोस्ताकिस हा मॉस्कोत जन्मलेला ग्रीक. कलेचे औपचारिक शिक्षण नाही. आधी ग्रीक दूतावासात वाहनचालक आणि नंतर कॅनडाच्या दूतावासात कर्मचारी. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने अशी चित्रे जमवायला सुरुवात केली, ज्यांना तेव्हा कोणी कवडीचीही किंमत देत नव्हते. चित्रकारांच्या विधवा, भाऊ, पुतणे यांना तो शोधत फिरला. पोपोवाच्या नातेवाइकांकडे तिचे प्लायवुडवरील एक चित्र खिडकी बंद करण्यासाठी ठोकलेले त्याला आढळले. ते काढले तर पाऊस आत येईल, अशी त्यांची रास्त अडचण होती. कोस्ताकिसने त्याच मापाचा नवा प्लायवुडचा तुकडा आणून दिला आणि चित्र सोडवून घेतले.

१९७७ मध्ये त्याने देश सोडला तेव्हा संग्रहाचा मोठा आणि उत्तम भाग त्रेत्याकोव्हला देण्याच्या बोलीवरच उरलेला भाग त्याला सोबत नेता आला. तो उरलेला भाग पुढे ग्रीस सरकारने विकत घेतला आणि आज तो थेस्सालोनिकी येथे आहे. नव्या त्रेत्याकोव्हमध्ये चित्राशेजारच्या पाटीवर कोस्ताकिसचे नाव दिसले की तेथे क्षणभर थांबावे. हे संग्रहालय जे आहे ते त्याच्यामुळे आहे.

स्टालिननंतर चित्रकार मोकळे झाले का?

थोडे झाले. १ डिसेंबर १९६२ रोजी मॉस्कोच्या मानेझ सभागृहात तेव्हाचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह प्रदर्शन पाहायला आले आणि नव्या धाटणीची कामे पाहून भडकले. शिल्पकार एर्न्स्त नेइझवेस्त्नी त्यांच्याशी समोरासमोर वाद घालत उभा राहिला. ख्रुश्चेव्ह वारल्यानंतर त्यांच्या कुटुंबाने थडगे घडवण्यासाठी याच शिल्पकाराला विचारले आणि त्याने ते केले. काळ्या आणि पांढऱ्या दगडांच्या ठोकळ्यांतून घडवलेले ते स्मारक मॉस्कोच्या नोवोदेविची दफनभूमीत आहे.

१५ सप्टेंबर १९७४ रोजी मॉस्कोच्या बेल्यायेवो भागातील मोकळ्या मैदानावर ओस्कार राबिन आणि त्याच्या मित्रांनी चित्रे मांडली तेव्हा प्रशासनाने बुलडोझर आणि पाणी फवारणाऱ्या गाड्या पाठवल्या. जगभर गहजब झाला आणि दोन आठवड्यांनी इझ्माइलोवो उद्यानात प्रदर्शनाला परवानगी द्यावी लागली. या पिढीतील चित्रकारांचे काम नव्या त्रेत्याकोव्हच्या शेवटच्या दालनांत आहे. तोवर पाय दुखायला लागलेले असतात, हे खरे. म्हणून मध्ये एकदा कॅफेत बसून घ्यावे आणि ताजेतवाने होऊन या दालनांत यावे.

आज तरी तेथे सारे काही मोकळेपणाने मांडले जाते का?

विसाव्या शतकाचा कायमस्वरूपी संग्रह पाहायला मिळतो. समकालीन कलेवर मात्र दबाव वाढला आहे. २०२३ च्या सुरुवातीला, संग्रहालयातील मांडणी देशाच्या ‘आध्यात्मिक-नैतिक मूल्यांशी’ सुसंगत नाही अशी एका प्रेक्षकाची तक्रार गाजली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीत, आठ वर्षे संचालकपद सांभाळणाऱ्या झेलफिरा त्रेगुलोवा यांना पद सोडावे लागले. गोर्की पार्कमधील ‘गराज’ या खाजगी समकालीन कला संग्रहालयाने युक्रेन युद्ध सुरू होताच फेब्रुवारी २०२२ मध्ये आपली प्रदर्शने थांबवली होती. १९३० च्या दशकाची दालने पाहताना ही माहिती आपल्यासोबत असावी.

येथील सर्व चित्रकार खरोखर ‘रशियन’ आहेत का?

नाहीत, आणि हा प्रश्न आज फार महत्त्वाचा झाला आहे. मालेविच कीव्हमध्ये, पोलिश वंशाच्या कुटुंबात जन्मला. शगालचे व्हितेब्स्क आज बेलारूसमध्ये आहे आणि तो ज्यू होता. कांदिन्स्कीचा जन्म मॉस्कोचा, पण बालपण ओडेसात गेले आणि त्याची अनेक मोठी चित्रे जर्मनीत घडली. ही सारी माणसे रशियन साम्राज्यात जन्मली म्हणून जगभरच्या संग्रहालयांनी त्यांना सरसकट रशियन म्हटले. युद्ध सुरू झाल्यानंतर हे बदलू लागले. अॅम्स्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने २०२३ मध्ये मालेविचची ओळख युक्रेनी चित्रकार अशी करून द्यायला सुरुवात केली. मॉस्कोतील पाट्यांवर हा फरक दिसणार नाही. तो आपणच लक्षात ठेवायचा आहे.

भारतीय नागरिकांना व्हिसा सहज मिळतो का? सध्या जाणे सुरक्षित आहे का?

ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि निमंत्रणपत्र लागत नाही. वैद्यकीय विमा काढून ठेवावा.

सुरक्षिततेबाबत कोणी दुसऱ्याने छातीठोक उत्तर देऊ नये. रशिया युद्धात आहे. ड्रोन हल्ल्यांमुळे मॉस्कोचे विमानतळ काही तास बंद ठेवल्याचे आणि मोबाइल इंटरनेट खंडित केल्याचे प्रसंग घडले आहेत. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचून, घरच्यांशी बोलून निर्णय घ्यावा. जायचे ठरले तर परतीच्या तारखेत दोन दिवसांची सवड ठेवावी आणि नकाशे फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावेत.

पैशांचे काय करायचे?

रशियाबाहेरील बँकांनी दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड कंपन्यांची कार्डे मार्च २०२२ पासून तेथे चालत नाहीत. रोख डॉलर किंवा युरो नेऊन ते तेथील बँकेत रूबलमध्ये बदलून घ्यावेत. याच कारणाने संग्रहालयाचे तिकीट ऑनलाइन काढणे बहुतेकांना जमत नाही. तिकीट खिडकीवर रोख पैसे देऊन काढावे. विशेष प्रदर्शन गाजत असेल तर रांग मोठी असते, त्यामुळे सकाळी दार उघडताना पोहोचणे उत्तम.

वेळा, सामान, छायाचित्रे यांचे नियम कसे आहेत?

सोमवारी सुट्टी असते. आठवड्यातील काही दिवशी संध्याकाळी उशिरापर्यंत दालने उघडी असतात आणि त्या वेळी गर्दी कमी असते. बंद होण्याच्या तासभर आधी प्रवेश थांबतो. जाड कोट, छत्री आणि मोठ्या पिशव्या खाली क्लोकरूममध्ये ठेवाव्याच लागतात; तेथे मिळणारा बिल्ला जपून ठेवावा. हिवाळ्यात आत चांगलेच उबदार असते, म्हणून कोटाच्या आत फार जाड कपडे घालू नयेत. कायमस्वरूपी संग्रहातील चित्रांची छायाचित्रे फ्लॅश आणि ट्रायपॉडशिवाय घेता येतात. दालनात खुर्चीवर बसलेल्या वयस्कर स्त्रिया फार दक्ष असतात. चित्राच्या अगदी जवळ बोट नेले तर त्या तत्काळ आणि खणखणीत आवाजात सूचना देतात. त्यात राग मानण्यासारखे काही नाही.

आम्हाला रशियन येत नाही. अडचण होईल का?

मुख्य पाट्यांवर इंग्रजी आहे. तरीही रशियन अक्षरे दोन-तीन संध्याकाळी बसून शिकून घ्यावीत. शब्द कळले नाहीत तरी चित्रकारांची आणि मेट्रो स्थानकांची नावे वाचता येऊ लागतात.

आम्ही शाकाहारी आहोत, शिवाय लहान मुले सोबत आहेत.

उकडलेला बकव्हीट, बटाट्याचे किंवा मश्रूमचे सारण भरलेले ‘व्हारेनिकी’ आणि ‘ब्लिनी’ हे धिरड्यासारखे पदार्थ सगळीकडे मिळतात. बोर्श्त हे बिटाचे सूप दिसायला शाकाहारी असले तरी ते बहुधा मांसाच्या रश्श्यात शिजवतात, म्हणून विचारून घ्यावे. मुलांना सारी दालने दाखवण्याचा आग्रह धरू नये. लाल घोडा, उडणारे जोडपे, टांगत्या रचना, गोलरक्षक एवढे दाखवून त्यांना बाहेरच्या उद्यानात न्यावे.

बाहेरचे ते पुतळ्यांचे उद्यान काय आहे?

त्याला ‘मुझेओन’ म्हणतात. ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत सत्ता कोसळत असताना लोकांनी लुब्यांका चौकातील द्झेर्झिन्स्कीचा पुतळा उतरवला. गुप्त पोलिसांच्या या संस्थापकाचा पुतळा आणि असेच इतर काही पुतळे संग्रहालयालगतच्या मैदानात आणून टाकले गेले. आज ते तेथे झाडांमध्ये उभे आहेत. लेनिन आहेत, कालिनिन आहेत, नाक तुटलेला गुलाबी ग्रॅनाइटचा स्टालिन आहे आणि त्याच्या मागेच जाळीआड रचलेली शेकडो दगडी मस्तके आहेत. ही मस्तके एव्हगेनी चुबारोव्ह या शिल्पकाराने दडपशाहीच्या बळींसाठी घडवली. आत गेरासिमोव्हचा स्टालिन पाहून आल्यावर हा स्टालिन पाहावा, उलट क्रमाने नाही.

उरलेल्या दिवसात आणखी काय पाहता येईल?

देयनेकाची चित्रे आवडली असतील तर ‘मायाकोव्स्काया’ मेट्रो स्थानकावर उतरून मान वर करावी. छतातील अंडाकृती खळग्यांत त्याने केलेली मोझेक चित्रे आहेत आणि त्यासाठी मेट्रोच्या भाड्यापलीकडे काही लागत नाही.

मराठी माणसाने आणखी एक जागा पाहावी. परकीय साहित्याच्या रुदोमिनो ग्रंथालयात अण्णा भाऊ साठे यांचा पुतळा सप्टेंबर २०२२ मध्ये बसवण्यात आला आहे. अण्णा भाऊ १९६१ मध्ये रशियाला गेले होते. ‘ऑक्त्याब्र्स्काया’हून वर्तुळाकार मार्गिकेने तिसरे स्थानक ‘तागान्स्काया’. तेथून ग्रंथालय पायी गाठता येते.

रशियाला जाणे शक्य नाही. ही कला इतरत्र कोठे पाहता येईल?

मालेविचसाठी अॅम्स्टरडॅमचे स्टेडेलिक, कांदिन्स्कीसाठी म्युनिकचे लेनबाखहाउस आणि न्यूयॉर्कचे गुगेनहाइम, कोस्ताकिसच्या उरलेल्या संग्रहासाठी थेस्सालोनिकी. उझबेकिस्तानातील नुकुस येथे इगोर सावित्स्की यांनी १९६६ मध्ये उभारलेले संग्रहालय तर अवश्य पाहावे असे आहे. मॉस्कोच्या नजरेपासून दूर, वाळवंटाच्या कडेला त्यांनी हजारो नाकारलेली चित्रे जपली. भारतीयांना उझबेकिस्तानचाही ई-व्हिसा मिळतो आणि ताश्कंदहून नुकुसला विमाने आहेत.

अमेरिकेतील मराठी वाचकांसाठी, विशेषतः न्यू जर्सीतील एडिसन परिसरात राहणाऱ्यांसाठी, तर हे दार अगदी घराजवळ आहे. शेजारच्या न्यू ब्रन्सविकमधील रट्गर्स विद्यापीठाच्या झिमरली संग्रहालयात नॉर्टन आणि नॅन्सी डॉज यांनी जमवलेला, सोव्हिएत काळातील बंडखोर चित्रकारांच्या कामाचा प्रचंड संग्रह आहे. एरिक बुलातोव्हचे १९७७ चे ‘क्रासिकोव्ह रस्ता’ हे चित्र तेथेच आहे: पाठमोरे पादचारी रस्त्याने चालले आहेत आणि समोरच्या फलकावरचा लेनिन त्यांच्या दिशेने चालत येतो आहे. प्रवेश विनामूल्य आहे आणि न्यू ब्रन्सविकच्या रेल्वे स्थानकापासून चालत जाण्याइतके ते जवळ आहे.